चूक वाटून घेऊ, बेपर्वाई का वाटून घ्यायची?

गेल्या महिन्यात गाडीच्या विम्याचे नूतनीकरण केले. मागच्या वर्षी ७,१०० रुपये भरले होते, या वेळी १०,१६७ रुपये भरावे लागले. गाडी तीच, उलट एका वर्षाने जुनी झालेली. चालवणाराही मीच. पाच वर्षांत माझ्या नावावर एक चलान नाही, मी कुणाला साधा धक्काही दिलेला नाही. तरी तीन हजार रुपये जास्त. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्ही क्लेम घेतला ना, म्हणून एनसीबी गेला."

एनसीबी म्हणजे 'नो क्लेम बोनस', वर्षभर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. मी पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलो होतो. एका दाव्याने शून्यावर आलो. आता पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे.

हा दावा का करावा लागला ते सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, आणि ती लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

मागच्या पावसाळ्यात मालेगावात एका नातेवाइकाकडे गेलो होतो. गाडी घराबाहेर भिंतीला लागून उभी केली होती. संध्याकाळी उलट्या बाजूने एक स्कूटर आली, तिच्यावर तीन पोरे. समोरून हातगाडी आली, पोराने हँडल वळवले आणि स्कूटर माझ्या गाडीवर आदळली. दरवाजा दबला, बंपर फुटला, दिवा गेला. पोरांना फक्त खरचटले, अल्लाहचे आभार. चालवणारा पोरगा मी पाहिला तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. माझ्याच शाळेतला, नववीचा. हजेरीत रोज त्याचे नाव घेतो.

इशाच्या नमाजनंतर त्याचे वडील घरी आले. लूमवर काम करणारा माणूस. स्कूटरचा विमा दोन वर्षांपूर्वी संपलेला, पुन्हा काढलेला नाही. खिशातून दोन हजार रुपये काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "सर, मेरा बच्चा आपका भी बच्चा है." मी पैसे परत केले. पोलिसात गेलो असतो तर काय झाले असते ते मला माहीत होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. त्या घराची चूल माझ्यामुळे विझावी असे मला वाटले नाही.

म्हणून मी माझ्या विम्यातून दावा केला. फॉर्मवर अपघाताची माहिती लिहायची होती. मी लिहिले, "उभ्या गाडीला अज्ञात दुचाकीची धडक." अज्ञात! ज्याचा हजेरी क्रमांक मला तोंडपाठ आहे तो 'अज्ञात'. मुलांना मराठीचा निबंध तपासून देताना मी शब्दाच्या अचूकपणावरून गुण कापतो. त्या दिवशी मी स्वतः एक खोटा शब्द लिहिला आणि त्याला दयेचे नाव दिले.

त्या दयेचा हिशोब सांगतो. दुरुस्तीचा खर्च १६,००० रुपये झाला. प्लास्टिकच्या भागांवर घसारा कापला, १,००० रुपये सक्तीची वजावट गेली, आणि कंपनीने ९,८०० रुपये दिले. आता बोनसचे गणित. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाची, बोनस वजा करण्याआधीची रक्कम ५,२०० रुपये आहे. ती तशीच राहील असे धरले तर पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत पोहोचेपर्यंत पाच नूतनीकरणांत माझे ६,५०० रुपये जातात, १८ टक्के जीएसटी धरून ७,६७० रुपये. म्हणजे ९,८०० दिले आणि ७,६७० परत घेतले. पोराने गाडी ठोकली, पण जोखमीचा माणूस म्हणून कंपनीच्या वहीत नाव लागले माझे.

हे असे का होते? आपल्याकडे गाडीचा विमा नेमके काय मोजतो, हे बहुतेकांना माहीत नसते. मलाही नव्हते.

गाडीच्या विम्याचे मुख्य दोन भाग असतात. एक 'थर्ड पार्टी', म्हणजे माझ्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हा सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. या दरात फक्त इंजिनाचा आकार पाहिला जातो. चालवणारा मशिदीच्या इमामसाहेबांसारखा सावकाश चालवतो की रात्री दारू पिऊन, याच्याशी दराला घेणेदेणे नाही. मालेगाव असो की मुंबई, दर तोच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे आणि त्याचा दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. त्यात गाडीचे मॉडेल, वय, किंमत आणि मागचे दावे पाहिले जातात. इथे 'ठिकाण' थोडेसे येते. खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केलेले आहेत. 'अ' विभागात अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे, आणि 'ब' विभागात बाकीचा सगळा देश. नाशिक, मालेगाव, गडचिरोली, सगळे एकाच रांगेत. गाडी कुठल्या विभागातली, हे नोंदणी कुठे झाली त्यावरून ठरते, ती कुठे चालते त्यावरून नाही. पुण्याच्या एमएच-१२ नंबरची गाडी दहा वर्षे मालेगावात चालली तरी ती पुण्याचीच. आणि फरक तरी किती? जुन्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला 'अ' विभागात किमतीच्या ३.२८३ टक्के आणि 'ब' विभागात ३.१९१ टक्के दर होता. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक ४६० रुपयांचा. मुंबईची रहदारी आणि गडचिरोलीचा रस्ता यांच्यातले अंतर दरपत्रकाने ४६० रुपयांत मिटवले!

म्हणजे रस्ता कसा आहे हे विमा जवळजवळ पाहत नाही, आणि चालवणारा कसा आहे हेही थेट पाहत नाही. तो पाहतो फक्त दावा. चूक कुणाची होती हेही बोनसच्या गणितात येत नाही. सिग्नल तोडणारा, मोबाइलवर बोलत चालवणारा, उलट्या बाजूने येणारा माणूस जोपर्यंत दावा करत नाही तोपर्यंत तो पुस्तकात माझ्यापेक्षा सज्जन असतो.

या पैशांचा प्रश्न शेवटी माणसांच्या जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. दहापैकी सात मृत्यूंच्या मागे वेगाचे कारण नोंदलेले आहे. मरणाऱ्यांत दुचाकीवरचे सर्वांत जास्त. या सगळ्यांच्या कुटुंबांना जी भरपाई मिळते ती थर्ड पार्टीच्या त्याच सामाईक पेटीतून येते, ज्यात तुम्ही-आम्ही पैसे टाकतो. बेपर्वा माणूसही तेवढेच टाकतो. आणि रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक वाहनांचे मालक तर काहीच टाकत नाहीत, कारण त्यांच्याकडे विमाच नाही.

जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, एका कार्यगटाने एक प्रस्ताव मांडला होता. विम्याच्या हप्त्यात 'वाहतूक नियमभंगाचा हप्ता' असा आणखी एक भाग असावा. प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यावेत, दारू पिऊन चालवल्यास १००, चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०, आणि गुणांप्रमाणे जादा पैसे घ्यावेत. सुरुवात प्रायोगिक तत्त्वावर दिल्लीत करावी असे सुचवले होते. देशभराचा नियम म्हणून हे अजून आलेले नाही. माझे मत विचाराल तर, यायला हवे. मात्र काही अटींवर.

आधी, का यायला हवे ते सांगतो. आमच्या मोहल्ल्यात विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हलाल-हरामचा येतो. व्याज आहे, अनिश्चितता आहे, जुगारासारखे आहे, असे उलेमांचे आक्षेप आहेत आणि ते हलके घेण्यासारखे नाहीत. कायद्याने सक्तीचा विमा मजबुरी म्हणून काढायला हरकत नाही, असे सांगणारे उलेमाही पुष्कळ आहेत. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एक शिक्षक म्हणून एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. हाताने चुकून कुणी मेला, तर मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, देणे आपल्या फिक्हने बंधनकारक केले आहे. ही भरपाई एकट्याने द्यायची नसते, त्याचा 'आकिला' ती वाटून घेतो. आकिला म्हणजे मुळात बापाकडचे भाऊबंद. हजरत उमर रजि. यांनी सैनिकांच्या नोंदवह्या, दीवान, सुरू केले आणि हनफी फिक्हने एका दीवानात नावे असलेल्यांना एकमेकांचे आकिला मानले. म्हणजे रक्ताचे नाते नसले तरी एका वहीत नाव असलेल्यांनी एकमेकांच्या चुकीचा भार उचलायचा. विमा आणि आकिला एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण ओझे वाटून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, एवढे नक्की.

आणि याच फिक्हने एक रेघही ओढली आहे. आकिला भार उचलतो तो चुकीचा. कुणी जाणूनबुजून जीव घेतला, तर तो भार भाऊबंदांवर टाकता येत नाही, करणाऱ्यानेच उचलायचा. मला ही रेघ फार मोलाची वाटते. पावसात ब्रेक लागला नाही, खड्डा चुकवताना धक्का लागला, ही चूक आहे. ती आपण सगळे वाटून घेऊ, आज माझी, उद्या तुमची. पण रोज उलट्या बाजूने जाणारा, सिग्नल दिसत असून तोडणारा, पिऊन स्टिअरिंगवर बसणारा खुनी नसला तरी चुकलेलाही नाही. त्याने निवड केलेली आहे. त्याच्या निवडीचे पैसे त्याच्याच हप्त्यात दिसायला हवेत.

आता अटी. त्या सांगितल्या नाहीत तर हाच नियम आपल्यासारख्यांवर उलटेल.

पहिली अट, गुण मोजायचे ते जिवाला धोका करणाऱ्या गुन्ह्यांचे. दारू, वेग, उलटी दिशा, सिग्नल, मोबाइल. चुकीच्या पार्किंगचे नाही. मालेगावच्या किदवाई रोडवर गाडी लावायला 'बरोबर' जागा कोणती, हे आधी कुणीतरी दाखवावे. जिथे नगरव्यवस्थेने जागाच दिली नाही तिथे माणसाच्या नावावर गुण लावणे हा न्याय नव्हे.

दुसरी अट, ई-चलान कॅमेऱ्याने नंबर प्लेट पाहून फाडले जाते, त्यामुळे ते मालकाच्या नावावर येते, चालकाच्या नाही. गाडी विकली पण नाव बदलले गेले नाही, अशी प्रकरणे आपल्याकडे घराघरांत आहेत. चुकीच्या चलानावर दाद मागण्याची सोपी, मराठीत आणि वेळेत उत्तर देणारी सोय असल्याशिवाय त्याचा परिणाम विम्यावर होऊ देऊ नये. कोणत्या वस्तीत नाकाबंदी जास्त आणि कुठे कमी, याचाही हिशोब जनतेपुढे असावा. जिथे पोलीस रोज उभे असतात तिथले लोक कागदावर जास्त गुन्हेगार दिसतात, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

तिसरी अट यंत्रांची. जुलै २०२२ मध्ये नियामकाने 'जेवढे चालवाल तेवढे भरा' आणि 'जसे चालवाल तसे भरा' अशा योजनांना परवानगी दिली. दुसऱ्या प्रकारात मोबाइल ॲप किंवा गाडीतले यंत्र तुमचे चालवणे तपासते. जोरात ब्रेक मारणे हे त्यात वाईट चालवण्याचे लक्षण धरले जाते. द्रुतगती मार्गावर ते बरोबर असेल. आमच्या गल्लीत मात्र लूमची सुट्टी झाली की एका वेळी शेकडो माणसे रस्त्यावर येतात, मध्येच हातगाडी, बकरी, चेंडूमागे धावणारे पोर. इथे जो जोरात ब्रेक मारतो तोच चांगला चालक. रस्ता न पाहता फक्त ब्रेक मोजणारे यंत्र सावध माणसाला दोषी ठरवील.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची. विमा महाग झाला की गरीब माणूस गाडी नीट चालवायला लागत नाही, तो विमाच काढत नाही. ज्या दिवशी त्याच्याकडून अपघात होतो त्या दिवशी मरणाऱ्याचे घर आणि मारणाऱ्याचे घर, दोन्ही उद्ध्वस्त होतात. म्हणून दुचाकीचा मूळ थर्ड पार्टी दर कमीच राहावा, जादा पैसे फक्त पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्याकडून घ्यावेत, आणि दोन-तीन वर्षे निर्दोष चालवणाऱ्याला थर्ड पार्टीतही सवलत मिळावी. आज ती मिळत नाही. शिक्षा दिसते पण बक्षीस दिसत नाही, अशा वर्गात मुले सुधारत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

हे झाले सरकारकडे मागायचे. आता आपल्या घरातले.

वरची सगळी व्यवस्था उभी राहते ती नोंदीवर. ज्याची नोंद नाही तो गुन्हा विम्याच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. आणि नोंद पुसण्यात आपण सगळे पटाईत आहोत. ओळखीच्या हवालदाराला फोन करून चलान मिटवणारा, "जाऊ द्या, आपलाच माणूस आहे" म्हणून तडजोड करणारा, आणि फॉर्मवर 'अज्ञात' लिहिणारा मास्तर, तिघेही एकाच कामाला लागलेले असतात. विम्याचा करार एकमेकांच्या खरेपणावर उभा असतो. आपल्या भाषेत ती अमानत आहे. मी तिच्यात खयानत केली. त्या मुलाच्या बापाला वाचवण्याचा सरळ मार्ग मला मोकळा होता, दावा न करता खर्च मी सोसायचा आणि बापाकडून महिन्याला पाचशे रुपये घ्यायचे. त्याने ते दिले असते. मी सोपा मार्ग घेतला आणि माझ्या खोटेपणाचा भार बाकीच्या विमाधारकांवर टाकला.

त्या वडिलांना मी नंतर शाळेत बोलावले. त्यांच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा किती रुपयांचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. चालक-मालकाचे सक्तीचे अपघात संरक्षण धरले तरी बाराशेच्या आसपास. ते म्हणाले, "इतना ही? मैं तो समझा पाँच-छह हजार लगेंगे." विमा नसताना पकडले गेले तर पहिल्याच वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, हेही सांगितले. आणि हेही, की विमा असला तरी लायसन्स नसलेल्या मुलाने कुणाला मारले तर कंपनी पीडिताला पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ते गप्प झाले. दुसऱ्या आठवड्यात विम्याचा कागद दाखवायला आले. चावी आता घरात कुलपात असते, असे म्हणाले.

रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणे हे आपल्या दीनमध्ये ईमानचा भाग मानले आहे. लहानपणी मदरशात हे सगळ्यांनी ऐकले आहे. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटरची चावी देणे म्हणजे रस्त्यात दगड नेऊन ठेवणे, एवढे साधे आपल्या लक्षात येत नाही.

येत्या पालक सभेत हा विषय घ्यायची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. सभेत आधी माझ्या फॉर्मवरचा तो शब्द सांगणार आहे, मग त्यांच्या चाव्यांबद्दल बोलणार आहे. आणि तुमच्या घरात गाडी असेल तर विम्याचा कागद आजच काढून तारीख पाहा. संपली असेल तर उद्या सकाळी नूतनीकरण करा.